माझ्या वतीने

४ मार्च

वकीलीणबाई,

'चि. सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. सौ. तू राहिली नाहीस, निदान माझ्या मुलाची तरी नाही. आणि तुला चिरंजीव म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, ते तूच सांग, कायदा तुझा. म्हणून घरात तुला ज्या नावाने चिडवायचे त्याच नावाने सुरुवात केली. अक्षर एवढं मोठं का आणि एका पानावर आठ-नऊच ओळी का, ते पुढे कळेल.

आज सकाळी मी कोर्टात केस टाकायला गेले होते. तिथे मला सांगितलं की माझी केस होऊन गेली.

घरी येऊन चहा केला. तो ओट्यावर तसाच पडून गार झाला. कोट काढायचं सुचलं नाही, चपला पायातच आहेत. कोणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला तर चिरंजीवांचा फोन बंद. तुझ्या माजी नवऱ्याचा नवा धंदा निघालाय, या खेपेला रोपवाटिकेचा. मग तुझी आठवण झाली. खरं तर आठवण कोर्टातल्या खिडकीपाशीच झाली होती. का ते सांगते.

खिडकीतल्या माणसाचा चष्मा कपाळावर होता. माझ्या वकिलाने कागद आत सरकवले. (या वकिलाचं नाव मी 'टाय' ठेवलंय. एकच टाय आहे त्याच्याकडे, वरणाच्या रंगाचा.) खिडकीतल्या माणसाने कंपनीचं नाव पाहिलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टकटक केलं आणि म्हणाला, "बाई, हा दावा निकाली निघालाय."

मी म्हटलं, "अहो, अजून टाकलाच नाही तर निकाली कसा निघेल?"

"तुम्ही नाही टाकलात. राज्याने टाकला. तुमच्या वतीने."

"मला न विचारता?"

"सगळ्या बाधित नागरिकांच्या वतीने टाकलाय बाई. सगळ्यांना कुठे विचारत बसणार? तडजोड झाली, मागच्या वर्षी. संपलं."

संपलं म्हणे! मी कठडा धरला. माझ्या नावाने कोणीतरी कोर्टात गेलं, भांडलं, हात मिळवून घरी आलं, आणि मला पत्ता नाही. टायने तडजोडीची प्रत मागून घेतली आणि बाकावर बसून मला वाचून दाखवली. कंपनीने माल बाजारातून काढून घ्यायचा, सरकारजमा दंड भरायचा आणि शाळाशाळांतून डोळ्यांची काळजी कशी घ्यावी याची भाषणं ठेवायची. बस. शेवटी राज्याच्या वतीने सही केलेल्या वकिलाचं नाव त्याने वाचलं. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

तुझं नाव होतं. माहेरचं, तू परत लावायला लागलीस ते.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. 'हिरवी बाटली' तुला तुझ्या फायलीतून पाठ असेल, डोळ्यांना थंडावा देणारे थेंब. आमच्या डेपोत निम्म्या ड्रायव्हरांच्या खिशात ती असायची. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे भाजून निघतात, त्यावर दोन थेंब टाकले की बरं वाटायचं. मीही टाकायचे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी आरशात पाहिलं तर उजव्या बुबुळावर साय धरल्यासारखं झालं होतं. दुपारपर्यंत तो डोळा गेला. डावा डॉक्टरीणबाईंनी वाचवला, तोही पुरता नाही. बावीस वर्षं चालवलेली बस माझ्या हातून गेली. आता मी डेपोच्या 'हरवलं-सापडलं' खिडकीवर बसते आणि लोकांना त्यांच्या छत्र्या परत देते.

चिरंजीवांना वाटतं मला बढती मिळाली. तसं मीच सांगितलंय.

सही तुझीच आहे का, एवढंच कळव. एकाच नावाच्या दोघी असू शकतात.

तुझी (काय ते तू ठरव)

२१ मार्च

वकीलीणबाई,

तुझं पत्र मिळालं. 'महोदया'! पाकिटावर राज्याचा शिक्का, आत चार ओळी. 'सदर प्रकरण न्यायप्रविष्ट होण्याची शक्यता असल्याने निम्नस्वाक्षरीकार भाष्य करू शकत नाही.' आमच्या डेपोतल्या मेकॅनिकने मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "ही निम्न बाई कोण?" मी म्हटलं, "माझी सून होती."

पण कागदाच्या अगदी तळाशी, शिक्क्याखाली, पेनने काहीतरी लिहिलं होतं. मेकॅनिकला ते लागेना. मी भिंग धरून बसले. 'कुठला डोळा?'

उजवा, ते मागच्या पत्रात लिहिलंय. तुला तो शब्द दिसला नाही की पटला नाही?

तुझा राग समजू शकते. तू सामान न्यायला आलीस त्या दिवशी मी मुद्दाम डबल ड्यूटी घेतली होती. पण आज भांडण त्यावरून नाही. आज मी विचारतेय ते नोटिशीबद्दल.

टायने मला तुमचा कायदा समजावला. राज्याने केस टाकली की ती आम्हा सगळ्यांची समजायची. मात्र ज्याला आपलं आपण लढायचंय त्याने बाहेर राहतो असं कळवायचं, आणि त्यासाठी राज्याने आधी नोटीस प्रसिद्ध करायची. मी म्हटलं, ठीक आहे, मग नोटीस कुठेय? मला तर काही आलं नाही. तो म्हणाला, "आली होती, पेपरात." दोन दिवस वाचनालयात घालवून त्याने ती शोधून आणली. अकरावं पान, रस्तेदुरुस्तीच्या निविदा आणि हरवलेल्या पदव्यांच्या जाहिराती यांच्या मधोमध. अक्षर मुंगीच्या पायाएवढं.

मी भिंग धरलं, मग दिव्याखाली धरलं. नुसत्या काळ्या रेघा. शेवटी मेकॅनिकनेच खिडकीत उभं राहून वाचायला घेतली. पहिली ओळ अशी होती: 'ज्या नागरिकांच्या दृष्टीवर सदर औषधामुळे परिणाम झाला आहे अशा सर्वांनी या सूचनेची नोंद घ्यावी.'

तो थांबला. त्याने ती ओळ परत वाचली. मग नोटीस खाली ठेवली आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं हा आता रडणार.

तारीख बघितली. त्या आठवड्यात माझ्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या. नर्स मला हाताला धरून बाथरूमला न्यायची.

अगं, ज्यांचं दिसणं गेलं त्यांना तुम्ही वाचायला सांगितलंत? तेही मुंगीच्या पायाने? मी आठवडाभर हेच मनात घोळवतेय. लबाडी म्हणावी तर त्यात कोणाचा फायदा ते कळत नाही. चूक म्हणावी तर एवढी मोठी चूक सहीपर्यंत कोणाच्याच नजरेस कशी पडली नाही?

ती नोटीस कोणी लिहिली? शिक्का मारून उत्तर पाठवणार असशील तर पाठवू नकोस.

११ जून

वकीलीणबाई,

त्या तडजोडीतून मला बाहेर काढा म्हणून टायने अर्ज टाकला होता, त्याची काल सुनावणी झाली. टाय म्हणतो, समोरच्या पक्षाला पत्र लिहू नका, बरं दिसत नाही. मी म्हटलं, समोरचा पक्ष कोण? कोर्ट म्हणतंय समोरचा पक्षही मीच.

न्यायाधीश वाईट माणूस नव्हता, ते आधी सांगते. पिकल्या केसांचा, हळू बोलणारा. मला बसायला खुर्ची दिली, पाणी हवं का विचारलं. मला वाटलं, झालं, हा माणूस ऐकणार.

मग तुमचा सरकारी वकील उठून समोर आला. तो पोरगेला, भारी बूट. म्हणाला, "मी राज्यातील सर्व नागरिकांच्या वतीने उभा आहे, आणि नागरिकांच्या वतीने या अर्जाला माझा विरोध आहे."

मला राहवलं नाही. मी उभी राहून म्हटलं, "अहो, मी इथे बसलेय की! माझ्या वतीने मलाच विरोध?"

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुम्ही इथे बसला आहात हे मला दिसतंय. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या टेबलापाशी आहात." आणि त्यांनी सरकारी टेबलाकडे बोट दाखवलं.

कोणी कानाखाली मारल्यावर जसं काही क्षण ऐकू येत नाही, तसं झालं मला. टाय मग बराच वेळ बोलला. नोटीस कोणासाठी होती, ती कोणत्या अवस्थेत होती, मी कुठे होते. न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं आणि मग कायद्याचं पुस्तक उघडून ते कलम स्वतः वाचलं. मला ते आता पाठ आहे. 'बाधित नागरिकांना राज्याच्या दाव्यातून बाहेर राहावयाचे किंवा कसे हे ठरवता यावे यासाठी राज्याने वर्तमानपत्रात नोटीस प्रसिद्ध करावी.'

"प्रसिद्ध करावी," ते म्हणाले. "केली. वर्तमानपत्रात म्हटलंय, वर्तमानपत्रात दिली. घरोघर पोचवावी असं विधिमंडळाला म्हणायचं असतं तर त्यांनी तसं लिहिलं असतं. मी कायद्यात शब्द घालायला बसलो तर तो माझा कायदा होईल, तुमचा नाही."

टाय म्हणाला, "पण 'ठरवता यावे यासाठी' असंही लिहिलंय."

"तो हेतू सांगितलाय, अट घातलेली नाही. हेतू पुरा झाला का हे मी प्रत्येक माणसागणिक तपासू लागलो तर कुठलीच तडजोड कधी संपणार नाही. उद्या कोणतीही कंपनी राज्याशी तडजोड करायला येणार नाही, आणि मग तुमच्यासारख्यांसाठी भांडायला कोणीच उरणार नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतं, बाई. पण माझ्या वाईट वाटण्याला कलम नाही."

अर्ज फेटाळला.

तरी हे सगळं मी पचवलं असतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर टाय म्हणाला, "तुमच्या सूनबाई आज काहीच बोलल्या नाहीत."

मी म्हटलं, "कोण सूनबाई? कुठे?"

"त्या टेबलापाशीच होत्या ना, पूर्ण वेळ. तुमच्यापासून दोन हातांवर, उजवीकडे."

उजवीकडे! अगं, त्या बाजूचं मला काही दिसत नाही. तू असशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दोन तास तू माझ्याकडे बघत होतीस की कागदांकडे, मला माहीत नाही. मी उभी राहून ओरडले तेव्हा तू काय केलंस? न्यायाधीशांनी बोट दाखवलं ते तुझ्याकडेच होतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी तुझ्या खुर्चीत बसले होते.

मी एकेक पाऊल घट्ट टाकत घरापर्यंत चालत आले. बसमध्ये बसवेना.

२० जून

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं, जाड पेनाने, एका पानावर सात ओळी. माझ्याहून मोठं अक्षर काढलंस. स्वतः वाचता आलं.

तू लिहिलंस, 'आई, डोळ्याचं मला का नाही सांगितलंत?'

काय म्हणून सांगायचं होतं? तू आमच्या घरातून गेलीस तेव्हा तुझी बाजू घेऊन मी एक अक्षर बोलले नाही. मग डोळा गेल्यावर तुला हाक मारायची? एवढी निलाजरी मी नाही. आणि तुला कळलं असतं तर तू आली असतीस, याचीच जास्त भीती होती.

तू लिहिलंयस की माझं पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी तू साहेबांना सांगितलंस, ही माझी सासू, मला या प्रकरणात ठेवू नका. आणि साहेबांनी नियम काढून दाखवला, की नियमात 'सासू' आहे, घटस्फोटानंतर सासू राहत नाही, सबब अडचण नाही. हे वाचून मी हसले. खरंच हसले, खूप दिवसांनी. तुमच्याकडे सगळेच असं वाचतात का गं?

नोटीस तूच लिहिलीस हेही लिहिलंस. बरं केलंस.

यावर मला आत्ता काही लिहिता येत नाही. टायने अपील केलंय.

१७ जानेवारी

वकीलीणबाई,

आज मी मुद्दाम अगदी उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसले, म्हणजे सगळं कोर्ट डावीकडे येईल. तू दिसलीस. वाळली आहेस. केस कापलेस ते बरे दिसतात.

तीन न्यायाधीश होते. मधल्या बाईंनी सुरुवातीलाच नोटीस मागवली. मूळ पेपरच, तो अख्खा. त्यांनी अकरावं पान उलगडलं, हात लांब केला, जवळ आणलं, पुन्हा लांब केला. मग शेजारच्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "तुम्हाला लागतंय का?" ते म्हणाले, "प्रयत्न केला तर."

तिसरे न्यायाधीश माझ्या विरुद्ध होते, लपवलंही नाही त्यांनी. म्हणाले, "उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल, मला दिसलं नाही."

मधल्या बाई म्हणाल्या, "खरंय. पण यांना खरंच दिसलं नाही."

तुमचे मोठे सरकारी वकील आज स्वतः आले होते. त्यांनी तेच सगळं सांगितलं. हेतू वेगळा, अट वेगळी. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या नोटिशीचा मसुदा कोणी केला?"

"कार्यालयाने."

"कार्यालयाला हात असतात का? कोणी केला?"

मोठे वकील कागद चाळायला लागले. तू त्यांच्या मागे बसली होतीस. त्यांनी हाताने तुला 'बसून राहा' अशी खूण केली, ती मी पाहिली. माझ्या एका डोळ्याला दिसली म्हणजे सगळ्यांनाच दिसली असणार. तरी तू उठलीस.

"मी केला," तू म्हणालीस.

"करताना, ही वाचणार कोण, याचा विचार केला होता?"

मला वाटलं, आता तू काहीतरी वकिली बोलशील. तू खोटं बोलावंस असं वाटत होतं की खरं, देव जाणे. खरं बोललीस तर तुझं काय होईल हे मला कळत होतं.

तू म्हणालीस, "नाही. ठरलेला नमुना असतो. मी त्यात औषधाचं नाव घातलं, कंपनीचं नाव घातलं, तारीख घातली. पहिल्या ओळीत 'दृष्टी' हा शब्द मीच लिहिला. तो लिहितानाही माझ्या डोक्यात आलं नाही की ही माणसं वाचणार कशी."

मोठे वकील तुझ्याकडे असे बघत होते की जणू तू भर रस्त्यात त्यांचा कोट काढून घेतलास.

बाईंनी विचारलं, "अर्जदार बाई तुमच्या परिचयाच्या आहेत का?"

"माझ्या सासूबाई होत्या," तू म्हणालीस. मग थांबलीस. "आहेत."

अगं, पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. टायने नंतर सांगितलं की बाई म्हणाल्या, पहिल्या न्यायालयाने कायद्यात शब्द घालायला नकार दिला तो बरोबरच, पण असलेले शब्द गाळायलाही परवानगी नाही. 'ठरवता यावे यासाठी' हे शब्द विधिमंडळाने शोभेला लिहिलेले नाहीत. ज्या नोटिशीने काहीच ठरवता येत नाही ती त्या कलमातली नोटीसच नाही, नुसती जाहिरात आहे. तिसरे न्यायाधीश त्यावर जोरात मान हलवत होते, नाही म्हणून. निकाल राखून ठेवलाय.

बाहेर आल्यावर तू जिना उतरून भराभर गेलीस. मी हाक मारली. ऐकलीस, नाही ऐकलीस, कळलं नाही. टाय म्हणाला, नोकरीवर गदा येईल तिच्या.

मी काय करू ते सांग. तुझ्या साहेबांना भेटू का? मी भेटून काही भलं होणार नसेल तर तसं लिही.

९ मे

वकीलीणबाई,

मागच्या महिन्यातला निकाल तर तुला माझ्याआधी कळला असेल. दोन विरुद्ध एक. नवी नोटीस काढायची, ती बाधितांना समजेल अशी, इस्पितळांतून, आणि राज्याने माणूस पाठवून ती वाचून दाखवायची. ज्याला बाहेर पडायचंय त्याने तिथल्या तिथे सांगायचं. टायने निकाल वाचून दाखवला तेव्हा त्याचा टाय सैल झाला होता आणि तो नाक पुसत होता.

तरी मी काल नोटीस ऐकायला नेत्र-रुग्णालयात जाताना हेच धरून चालले होते की आम्ही दहा-पंधरा माणसं असू. आमच्या डेपोतले चौघं मला माहीत होते. बाकी इकडचे तिकडचे.

तू आत खोलीत टेबलापाशी होतीस. बाहेर काय होतं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितेय.

जिना भरला होता. पहिल्या मजल्यापासून खाली दारापर्यंत, आणि दाराबाहेर भिंतीच्या कडेने वळून पुढे. प्रत्येकाचा एक हात कठड्यावर, दुसरा कोणाच्या तरी खांद्यावर. एक नवरा-बायको होते, दोघांचेही डोळे गेलेले. त्यांना त्यांची शेजारीण आणून सोडून गेली होती. एक बेकरीवाला होता, त्याच्या बाहीला अजून पीठ. एक आई होती आणि तिची शाळेच्या दप्तरासकट आलेली मुलगी, नऊ-दहा वर्षांची, काळा चष्मा. इतके दिवस मी 'माझी केस, माझी केस' करत होते. हे सगळे कुठे होते? आणि तुमच्या त्या तडजोडीत हे सगळे निकाली निघाले होते!

मी एकेकाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का, राज्याने आपल्यासाठी केस केली होती?"

"आपल्यासाठी?" बेकरीवाला म्हणाला. "कधी?"

कोणालाच माहीत नव्हतं. गोष्ट जिन्यावरून खाली पसरत गेली, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. खालून आवाज वाढत वर आला. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, घड्याळ दुरुस्त करायचे म्हणाले. ते पहिल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा नंबर लागला तेव्हा दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

तू नोटीस वाचलीस. ठणठणीत आवाजात, सावकाश. त्यांनी विचारलं, "पहिली केस कोणी केली होती?"

बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने टाय तुझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला, "राज्याने, आजोबा."

"राज्याला मी कुठे भेटलो? कोणी केली?"

"मी," तू म्हणालीस.

"आणि मिटवलीही तुम्हीच?"

"हो."

"माझ्या वतीने बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तू पेन खाली ठेवलंस. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. माझ्या जिभेवर आलं होतं की आजोबा, हिने कोर्टात खरं सांगितलं म्हणून तर आज आपण इथे आहोत, ऑफिसने हिला शिक्षा म्हणून इथे बसवलंय. पण मी बोलले नाही. तुझ्या वतीने बोलणारी मी कोण?

"कोणी नाही," तू म्हणालीस शेवटी. "मी विचारायला यायला हवं होतं."

ते टेबलाजवळ सरकले. मग म्हणाले, "परत वाचा."

तू परत वाचलीस. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, तू वाचलंस. मागची रांग खोळंबली, पण एकही माणूस कुरकुरला नाही. सगळे ऐकत होते.

"यात माझं नाव कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नावं नाहीत, आजोबा. 'सर्व बाधित नागरिक' असं आहे."

"मग लिहा." आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे तुझं काही चुकायला नको.

ते बाहेर आले आणि आम्ही जिन्यावरचे सगळे न सांगता सरळ उभे राहिलो. त्या मुलीच्या आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत गेल्यावर नाव मोठ्याने सांगायचं हं." बेकरीवाला स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मी कान दिला तर तोही आपलं नावच म्हणून बघत होता.

मग माझा नंबर आला. मी टेबलापाशी आले, खुर्ची चाचपून बसले. तू मान वर केली नाहीस. नोटीस वाचलीस, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, मला ती पाठ आहे हे माहीत असूनही. मग पेन हातात घेतलंस.

"नाव?" तू विचारलंस.

मी तुला माझं पूर्ण नाव सांगितलं, आणि तू ते लिहून घेतलंस.